घडून गेलं, पण मन तिथेच अडकलं: समायोजन विकाराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समायोजन विकार म्हणजे नेमकं काय?

आयुष्यात काहीतरी मोठं घडतं. नोकरी जाते, संसार मोडतो, घर सोडावं लागतं, डॉक्टर एखाद्या आजाराचं नाव सांगतात. त्यानंतर मन ताळ्यावर यायला वेळ लागणं साहजिक आहे. पण काहींच्या बाबतीत आठवडे जातात तरी तीच गोष्ट डोक्यात फिरत राहते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही, माणसं नकोशी होतात आणि रोजचं जगणंच अडखळतं. कारण समोर दिसत असतं, मात्र त्याचा भार माणसाला पेलत नाही. या अवस्थेला मानसोपचारात समायोजन विकार म्हणतात.

निदानाचे दोन प्रचलित निकष आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यानुसार त्रास साधारणपणे घटनेनंतर महिन्याभरात सुरू होतो. घटनेचाच सतत विचार, तिच्या परिणामांची न संपणारी काळजी आणि बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेता न येणं हा त्याचा गाभा. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निकषांत हीच मुदत तीन महिन्यांची आहे. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: ताणाचं कारण आणि त्याचे परिणाम संपले की सहा महिन्यांच्या आत हा त्रास ओसरायला हवा.

एवढं सगळं घडल्यावर वाईट वाटणारच. त्याला आजार कशाला म्हणायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि माझ्या मते तोच सगळ्यात घात करतो. कारण कळलं की आपण समाधानी होतो. ‘त्याचा धंदा बुडाला ना, मग तो असाच वागणार’ असं म्हणून घरचे गप्प बसतात, शेजारी गप्प बसतात, तो स्वतःही गप्प बसतो. पण गाडीवरून पडून हात मोडला तर कारण माहीत आहे म्हणून प्लास्टर घालायचं आपण टाळत नाही.

अर्थात, उलट्या बाजूचा अतिरेकही नको. प्रत्येक दुःख म्हणजे आजार नव्हे. डॉक्टर दोन गोष्टी बघतात. एक, त्या माणसाची परिस्थिती आणि त्याचा समाज लक्षात घेता त्रास प्रमाणाबाहेर आहे का? दुसरी, घर, काम, शिक्षण, नाती यांपैकी कशात तरी ठळक खंड पडला आहे का? दोहोंपैकी एक जरी ठामपणे ‘हो’ असलं तरी मदत घ्यायला हरकत नाही.

गोव्याच्या डिचोली-सत्तरी या खाणींच्या भागात हे समजावून सांगावं लागत नाही. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. खनिज वाहायला कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. त्या काळात दुःख सगळ्यांनाच झालं. कुणी रेती मारायला लागलं, कुणी दुकान टाकलं, कुणी रात्री जागून हप्त्यांचे हिशेब केले आणि सकाळी कामाला गेलं. ही माणसं त्रासात होती, आजारी नव्हती. पण समजा, त्यातलाच एक जण दोन महिने अंगणात ट्रकशेजारी खुर्ची टाकून बसून राहतो, बँकेचं पाकीट न फोडता फळीवर ठेवतो, मुलीच्या शाळेतल्या सभेला जायचं टाळतो आणि जेवायला बोलावलं तर अंगावर येतो. त्याला मदतीची गरज आहे. दोघांचं कारण एकच आहे, म्हणून कारणावरून निदान होत नाही.

कोणत्या घटनांनंतर असं होतं? घटना भयंकरच असावी लागते का?

नाही. जिवावर बेतलेलं असण्याची गरज नसते. गोव्यात दिसणारी कारणं बहुतेक रोजच्या जगण्यातलीच आहेत. वर्षानुवर्षं बोटीवर काम केलेला तारवटी कंत्राट संपवून कायमचा घरी येतो, तेव्हा त्याच्याशिवाय चालायला शिकलेल्या घरात त्याला आपली जागाच सापडत नाही. मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात जातो आणि आईवडील मोठ्या घरात दोघेच उरतात. भावाभावांत घराच्या वाटणीचा, नाहीतर मुंडकारपणाचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहण्याच्या हक्काचा, दावा लागतो. बेळगाव-कोल्हापूरकडची मुलगी लग्न होऊन पेडण्यात येते, तिला इथली कोकणी कळत असते पण बोलता येत नाही, आणि सगळे ‘हळूहळू जमेल’ म्हणत राहतात.

यातल्या काही घटना आनंदाच्याही आहेत हे लक्षात घ्या. लग्न, बाळंतपण, बढती, नवं घर. आनंदाच्या प्रसंगानंतर कोलमडलेल्या माणसाची अडचण दुहेरी असते, कारण त्याला तक्रार करायलाही तोंड राहत नाही.

लक्षणं कशी ओळखायची?

काहींमध्ये उदासी वरचढ असते: रडू येणं, हताश वाटणं, कशातच रस नसणं. काहींमध्ये काळजी: छातीत धडधड, हातपाय गार पडणं, फोन वाजला तरी दचकणं. पुष्कळांमध्ये दोन्हींची सरमिसळ असते. आणि काहींमध्ये वागणंच बिघडतं. गाडी बेफाम चालवणं, भांडणं, कामाला दांड्या, पैसे उडवणं. या शेवटच्या प्रकाराला घरचे ‘माजलाय’ म्हणतात, आजारी म्हणत नाहीत.

आपल्याकडे मनाचं दुखणं पुष्कळदा पोटातून बोलतं. ‘पित्त झालंय’, ‘गॅस वर चढतो’, ‘डोक्यात मुंग्या येतात’ अशा तक्रारी घेऊन माणूस फॅमिली डॉक्टरकडे जातो. ईसीजी नीट येतो, रक्त नीट येतं, तरी दुखणं हटत नाही. शारीरिक तपासण्या कराव्यातच, थायरॉइडची तर जरूर करावी. पण त्या नॉर्मल आल्यावर ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ एवढंच ऐकून घरी परतू नका. ‘हे सुरू झालं त्याच्या आधी घरात काय घडलं होतं?’ हे डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्ही आपणहून सांगा.

हे नैराश्यच नाही का? आणि मोठ्या अपघातानंतर होतं ते वेगळं का?

सीमारेषा पुसट आहेत, पण आहेत. नैराश्याच्या आजारात उदासी किंवा रस संपणं दिवसभर, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे टिकतं आणि सोबत भूक, झोप, थकवा, अपराधीपणा, मरणाचे विचार अशी लक्षणं जमा होतात. तेवढी जमली, तर कारण कितीही स्पष्ट असो, निदान नैराश्याचंच होतं. समायोजन विकारात मन त्या एका घटनेभोवती घुटमळतं आणि तिच्यापासून लक्ष हटलं तर थोडा वेळ तरी मोकळं होतं. जुने मित्र भेटले तर हसू येतं, भजनाला बसलं तर तास निघून जातो.

आघातोत्तर ताण हा तिसरा प्रकार. त्याची मुळं जिवावर बेतलेल्या किंवा अत्याचाराच्या प्रसंगात असतात. तो प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर घडल्यासारखा उभा राहतो, ती जागा, तो आवाज माणूस टाळू लागतो, आणि हे महिन्याहून जास्त चालतं. त्याचे उपचार वेगळे आहेत, म्हणून हा फरक डॉक्टरांवर सोडा.

आई जाऊन चार महिने झाले, बाबा अजून सावरले नाहीत. हा समायोजन विकार का?

बहुधा नाही. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरचा नेहमीचा शोक या निदानात धरत नाहीत. चार महिन्यांनी डोळे भरून येणं, तिची साडी कपाटातून काढू न देणं, पहिली चवथ (गणेशचतुर्थी) तिच्याविना जड जाणं, यात बिघडलेलं काही नाही. बाबा जेवतात का, माणसांत येतात का, औषधं घेतात का, एवढं बघत राहा. सहा महिने उलटून गेल्यावरही ओढ आणि वेदना तेवढ्याच तीव्र असतील आणि जगणं ठप्प झालेलं असेल, तर दीर्घकालीन शोकाचा विचार होतो. अमेरिकन निकषांत ही मुदत वर्षाची आहे. ‘मी पण तिच्याकडे जातो’ असं ते बोलत असतील, तर मात्र महिने मोजत बसू नका.

मरणाचे विचार येतात. निदान ‘सौम्य’ आहे तर घाबरायचं कारण आहे का?

आहे. ‘तात्पुरता त्रास’ असं म्हणताना हीच गोष्ट निसटते. समायोजन विकारात आत्महत्येचा धोका खरा असतो आणि विशेषतः तरुणांमध्ये विचार आणि कृती यांत फार थोडा वेळ जातो. निकाल, प्रेमभंग, घरातलं भांडण, आणि त्याच रात्री टोकाचं पाऊल.

घरच्यांनी सरळ विचारावं: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका. काजूच्या बागायतीसाठी आणलेलं कीटकनाशक आणि घरातल्या सगळ्या गोळ्या कुलुपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवा. टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि मोफत चालते, मराठीतही बोलता येतं. काही करून घेतलं असेल तर १०८ ला फोन करून इस्पितळ गाठा. पोलीस केसच्या भीतीने वेळ घालवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, आणि तिची काळजी घेणं, उपचार करणं ही सरकारची जबाबदारी आहे.

उपचार काय असतात? नुसतं बोलून काय होणार?

मुख्य उपचार बोलण्याचाच आहे, पण ते बोलणं गप्पांसारखं नसतं. त्याला दिशा असते.

समजा, एक बाई नवऱ्यापासून वेगळी होऊन मुलाला घेऊन माहेरी आली आहे. पहिल्या भेटीत ती म्हणते, ‘माझं सगळंच संपलं.’ समुपदेशक त्या ‘सगळं’ची एकेक घडी उलगडायला लावतो. दागिने सासरी आहेत. बँकेत पत्ता जुना आहे. मुलाला इथल्या शाळेत घालायचंय, पण आधीच्या शाळेचा दाखला आणलेला नाही. वहिनीचं तोंड वाकडं आहे. देवळात जायचं म्हटलं तर बायका विचारतात. कागदावर उतरल्यावर दिसतं की यातल्या दोन गोष्टी या आठवड्यात होण्यासारख्या आहेत, दोन वकिलाकडे नेण्यासारख्या, आणि वहिनीचं तोंड तिच्या हातात नाही. सुरुवात दाखल्यापासून होते. पुढच्या भेटीत दाखला पिशवीत असतो आणि बाईची मान जराशी वर आलेली असते. याला समस्या-निवारण पद्धत म्हणतात. ऐकायला अगदी साधी वाटते, पण भेदरलेल्या डोक्याला ती एकट्याने सुचत नाही.

दुसरा भाग हालचालीचा. मन बरं झालं की मग बाहेर पडू, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात क्रम उलटा लावावा लागतो. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की अंथरुणातून उठायचं, फाटकापर्यंत जायचं, पाव स्वतः घ्यायचे आणि त्याच्याशी दोन शब्द बोलायचे. पहिल्या आठवड्यात एवढंच. पुढच्या आठवड्यात शेजारच्या वाड्यापर्यंत फेरी. बरं वाटेल तेव्हा करायचं नसतं, वेळ झाली की करायचं असतं.

याच धर्तीचं एक महत्त्वाचं काम गोव्यात झालं आहे. १९९६ मध्ये इथे सुरू झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्याच्या रुग्णांवर असे थोडक्या बैठकींचे उपचार करून पाहिले. ते उपयोगी ठरल्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तो अभ्यास नैराश्याचा होता, समायोजन विकाराचा नव्हे. पण आपल्या भाषेत बोलणारा, आपला गाव ओळखणारा शिकलेला माणूस किती काम करू शकतो, हे त्यातून जगाला दिसलं.

तिसरा भाग विचारांचा. ‘गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही’ हा विचार आहे, घडलेली गोष्ट नाही. कोण काय म्हणालं, कितीजण म्हणाले, बाकीच्यांनी काय केलं, असं तपासत गेलं की त्याची धार उतरते. त्याखेरीज झोपेची शिस्त, दुपारची झोप टाळणं, काळजी करायला दिवसातला ठरावीक अर्धा तास राखून ठेवणं, असले बारीकसारीक उपाय असतात. ते इथे विस्ताराने सांगत नाही, समुपदेशक सांगतीलच.

गोळ्या लागतातच का?

बहुतेकांना नाही. समायोजन विकारात औषधं उपयोगी पडतात याचा पुरावा तोकडा आहे. झोप पार उडाली असेल किंवा काळजीने माणूस उभा राहू शकत नसेल, तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी औषध देतात. नैराश्य जडलं असेल तर त्यावरची औषधं सुरू करतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्यांची चटक लागत नाही.

सांभाळायचं ते झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्यांपासून. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही नावं घराघरांत ठाऊक आहेत. शेजारणीची गोळी, भावोजींची जुनी चिठ्ठी, ओळखीचा फार्मसीवाला, असं करत त्या महिनोन्‌महिने घेतल्या जातात. सवय लागते, आणि एकदम थांबवल्या तर त्रास दुप्पट होतो. चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

रात्री थोडी घेतली की झोप लागते. त्यात काय वाईट?

झोप लागते, टिकत नाही. पहाटे तीनला जाग येते आणि तेव्हा डोक्यात तेच सगळं दुप्पट जोराने सुरू होतं. दारू उदासी वाढवते आणि मरणाच्या विचारांवरचा लगाम सैल करते. गोव्यात ती स्वस्त आहे, कोपऱ्याकोपऱ्यावर आहे, आणि हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या, दिवसांत तर आग्रह करून दिली जाते, त्यामुळे कुणाची ‘थोडी’ कधी वाढली हे घरच्यांनाही उशिरा कळतं. समुपदेशकाला प्रमाण खरं सांगा. गोळ्या आणि दारू एकत्र तर अजिबात नको. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात सोडायचा हट्ट मात्र धरू नये, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावं.

देवाला कौल लावलाय. मग डॉक्टरकडे जायचं का?

जा. दोन्ही चालू शकतं. गाऱ्हाणं घातल्यावर माणसाला हलकं वाटतं, पालखीला गावासोबत चालल्यावर एकटेपण कमी होतं, आणि हा आधार खरा आहे. अडचण होते ती ‘अमुक दिवस थांबा, औषध घेऊ नका’ असं कुणी सांगतो तेव्हा, किंवा कुणीतरी केलंय असं सांगून घरातल्याच माणसावर बोट दाखवतो तेव्हा. त्यानंतर मूळ ताणावर नवा ताण चढतो. मारझोड, उपाशी ठेवणं, कोंडणं, यांतलं काहीही सुरू झालं तर त्या माणसाला तिथून उठवून आणा.

मुलांना असं होतं का?

होतं, पण ती सांगत नाहीत, वागून दाखवतात. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं, आईचा पदर सुटत नाही. मोठी मुलं खोली लावून मोबाईल घेऊन बसतात किंवा उलटून बोलतात.

आपल्याकडचा एक खास प्रसंग पालकांनी ध्यानात ठेवावा. चौथीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत पहिल्या बाकावर बसणारं मूल पाचवीला इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात जातं आणि तिथे एकाएकी मुकं होतं. ‘अभ्यासात मागे पडला’ म्हणून त्याला दुसरी शिकवणी लावली जाते. त्याआधी वर्गशिक्षिकेला भेटा, मूल कुणाबरोबर डबा खातं ते विचारा, आणि घरी सहा वाजता अभ्यासाऐवजी खेळायला सोडा. महिन्या-दोन महिन्यांत फरक पडला नाही तर समुपदेशकाला दाखवा. मुलांच्या उपचारात आईवडिलांनाही बसावं लागतं, त्याची तयारी ठेवा.

किती दिवसांत बरं वाटेल?

बहुतेक जण काही महिन्यांत सावरतात. पण सहा महिन्यांचा हिशेब ताण संपल्यापासून सुरू होतो. कोर्टातला दावा चालू आहे, कर्जवसुलीचे फोन येताहेत, नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे, अशा वेळी त्रासही रेंगाळतो आणि त्यात माणसाचा दोष नसतो. तेव्हा ताण संपण्याची वाट बघू नये, ताण असतानाच उपचार सुरू करावेत.

घरच्यांनी काय बोलावं?

कमी बोलावं. ‘मन घट्ट कर’, ‘लोकांना यापेक्षा मोठी दुःखं आहेत’, ‘आमच्या वेळी नव्हतं हे’ ही तीन वाक्यं तर गिळूनच टाकावीत. शेजारी बसा, चहा द्या, आणि बँकेत किंवा पंचायतीत जायचं असेल तर सोबत जा. सगळी कामं त्याच्या हातून काढून घेऊ नका. जे जमतं ते त्याला करू द्या.

गोव्यात जायचं कुठे?

आधी जवळच्या आरोग्य केंद्रातल्या किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलात तरी चालेल. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांत मानसोपचार विभाग आहेत. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या जवळच मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. ती सरकारी आहे आणि तिथे बाह्यरुग्ण विभागात तपासून घेऊन त्याच दिवशी घरी येता येतं. हे इस्पितळ पूर्वी पणजीच्या आल्तिनो टेकडीवर होतं. जुन्या पिढीत ‘आल्तिनोला नेलं’ म्हणजे माणूस कामातून गेला असा अर्थ होता, आणि तो शिक्का बांबोळीपर्यंत पाठलाग करत आला आहे. गंमत बघा, पणजीत जुन्या सचिवालयाला लागून आबे फारियांचा पुतळा आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा माणूस संमोहनाच्या अभ्यासातला अग्रणी, म्हणजे मनाचाच वैद्य. आणि आपण मात्र मनाच्या इस्पितळाच्या फाटकातून आत जाताना ओळखीचं कुणी बघतंय का ते बघतो.

बोटीवर किंवा कंपनीत हे कळलं तर नोकरी जाईल का? विमा मिळतो का?

तुमच्या परवानगीशिवाय निदान कुणाला सांगायचं नाही, हे २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याने डॉक्टरांवर बंधन घातलं आहे. त्याला काही ठरावीक अपवाद आहेत, जसं कुणाच्या जिवाला धोका असेल तर. कंपनीला रजेसाठी दाखला लागत असेल, तर त्यात किती लिहायचं हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. पुष्कळदा ‘विश्रांतीची गरज आहे’ एवढं पुरतं.

तारवटींचं थोडं वेगळं आहे, कारण बोटीवर चढण्याआधी वैद्यकीय तपासणी होते. तिथे औषधं लपवू नका. भर समुद्रात गोळ्या संपल्या किंवा त्रास उलटला तर मदत लांब असते. कंत्राटाच्या तारखा उपचार सुरू करतानाच डॉक्टरांना सांगितल्या, तर उपचारांचा आराखडा त्या तारखा धरून बसवता येतो आणि फोनवरून भेटी चालू ठेवता येतात. विम्याबद्दल कायदा स्पष्ट आहे: शारीरिक आजाराला जसं संरक्षण, तसंच मानसिक आजाराला. मात्र अनेक पॉलिसी इस्पितळात दाखल झाल्यावरचाच खर्च देतात आणि समायोजन विकारात दाखल व्हायची वेळ क्वचितच येते. त्यामुळे समुपदेशनाची फी पॉलिसीत बसते का, हे एजंटाला तोंडी विचारू नका, त्याच्याकडून लेखी घ्या.